आईची झोप आणि माझी गोळी

पद्माक्कांचं नाव मी आधी घेते, मग आजाराचं. आजाराचं नाव आधी घेतलं की माझे हात अजून गार पडतात.

पद्माक्का म्हणजे आमच्या सांगलीच्या घरमालकीण. जैनांच्या. नवरा लवकर गेला, मुलगी बेळगावकडं दिलेली. हळदीच्या पेठेमागं त्यांचं घर, परड्यात एक म्हैस, आणि मागची खोली आम्हाला भाड्यानं. माझं नि त्यांचं ना रक्ताचं नातं, ना गावाचं. पण दवाखान्याचा जिना मी ज्या हाताला धरून चढले तो हात त्यांचा होता.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. लिहिण्यात चुका होतील, सांभाळून घ्या. जिच्या रिपोर्टावर थायरॉईड लिहून आलंय, आणि गोळी घेऊनही अंगातलं जडपण जात नाही म्हणून जी बाई मनातल्या मनात घाबरतेय, तिच्यासाठी हे लिहितेय. मी तशीच घाबरलेली होते. खरं सांगायचं तर अजून आहे.

आई

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, पाटणच्या वर डोंगरात. एस.टी. सोडली की पुढं पायवाट. सांगलीहून सकाळी निघालेली बाई दिवेलागणीला पोचायची. त्यामुळं माहेर म्हणजे वर्षातून एकदा, तेही जमलं तर.

मी शाळेत होते तेव्हा आई हळूहळू बदलत गेली. तोंड सुजलं. भुवयांचे केस विरळ झाले. आवाज असा जाड झाला की अंधारात बोलली तर वाटावं बाप्या बोलतोय. चैत्राच्या उन्हातही घोंगडं घेऊन चुलीपुढं बसायची. हाक मारली की बघायची, आणि ‘काय?’ म्हणायला तिला इतका वेळ लागायचा की आपण काय विचारलं तेच विसरावं. गावात म्हणाले, हिला बाहेरचं झालंय. एका देवऋष्यानं गळ्यात गंडा बांधला. गळा तर आधीच सुजलेला, तो गंडा रुतायचा.

पुढं ती जास्त जास्त झोपायला लागली. माघातल्या थंडीत एका सकाळी मी तिला हलवत बसले, “आये, ऊठ की. आये, ऊठ की.” ती गरम नव्हती, गारही नव्हती. श्वास चालू होता, पण उठली नाही. संध्याकाळी श्वासही थांबला. माझी शाळा तिथंच सुटली, कारण चूल माझ्याकडं आली.

हे आधी सांगितलं, कारण पुढं मला जी भीती वाटली ती आजाराची नव्हती. ती या झोपेची होती.

चैत्रात स्वेटर

लग्न होऊन सांगलीत आले. आमचे हे कुपवाडला एका वर्कशॉपात लेथवर. रेखा झाली, ती दोन-अडीच वर्षांची होईपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग माझे पाय जड व्हायला लागले. नव्वद सालानंतरचीच ती वर्षं. केस फणीत यायचे. पोट साफ नाही. अंगठी बोटात अडकून बसली. सांगलीचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल, पंख्याखालीही घाम पुसावा लागतो, आणि मी स्वेटर घालून भाकरी थापत होते.

सासूबाई चार दिवस राहायला आल्या. बघून म्हणाल्या, “आळसाला औषीद नसतंय, सुमे. तुजी आयबी अशीच व्हती म्हनं.”

त्यांना टोमणा मारायचा होता. मला तो खरा वाटला.

मी आरशात बघायचं सोडलं. एक दिवस रेखाला हाक मारली तर ती दचकून दाराकडं बघायला लागली. तिला वाटलं कोणीतरी पुरुष आला. त्या दिवशी मला कळलं, आईचा आवाज माझ्या गळ्यात येऊन बसलाय.

आमच्या ह्यांना हे सांगितलं नाही. काय सांगणार? भाकरी करपली की ते चिडायचे, मी रडायचे, मग तेच भांडी घासायचे. गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी अशक्तपणा म्हणून ताकदीची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. अशक्तपणा होताच. पण तेवढंच नव्हतं.

गुडघ्यावरची हातोडी

पद्माक्का रोज बघत होत्या. एक दिवस लुगड्याचा पदर खोचून खोलीत आल्या आणि म्हणाल्या, “चप्पल घाल. मी येतो संगट.” सांगलीकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. सुरुवातीला मला हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं.

“कुठं, आक्का?”

“मोठ्या डॉक्टरकडं. तुजा नवरा इच्यारंल तर म्हणावं, घरमालकीण म्हटली, दवाखान्यात चल, न्हाईतर घर रिकामं कर.”

दवाखाना पहिल्या मजल्यावर. जिन्यात मी तीनदा बसले. आक्का माझ्याबरोबर पायरीवर बसायच्या आणि खाली जाणाऱ्या-येणाऱ्यांना सांगायच्या, “जावा तुमी, आमाला घाई न्हाई.”

डॉक्टरांनी माझं तोंड नुसतं बघितलं आणि विचारलं, “ताई, आवाज पहिल्यापासून असाच का?” मग मला टेबलावर पाय सोडून बसवलं आणि गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. पाय उडाला. पण परत खाली यायला त्याला वेळ लागला. जसा आईला ‘काय?’ म्हणायला लागायचा तसा. मी ते बघत होते आणि मला घाम यायला हवा होता, पण तोही येत नव्हता.

“घरात आणखी कुणाला असं होतं का?”

आक्कांनी कोपर मारलं. “सांग की गं.”

मग मी आईचं सगळं सांगितलं. गंड्यापासून झोपेपर्यंत. डॉक्टर ऐकत होते. शेवटी म्हणाले, “याला रोजची एक छोटी गोळी असते. तुमच्या आईला ती...” आणि तिथंच थांबले.

निदानाचा दिवस विचारलात तर मला ते अर्धं सोडलेलं वाक्य आठवतं. गोळीनं बरं वाटेल याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र वाटलं, म्हणजे आई एका गोळीवाचून गेली. खाली उतरल्यावर आक्कांनी काही समजावलं नाही. रसाच्या गाड्याजवळ बाकड्यावर बसवलं आणि माझं रडून होईपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सासू आणि सून

तेव्हा सांगलीत रक्त घ्यायचे आणि बर्फाच्या डब्यातून पुण्याला पाठवायचे. रिपोर्ट यायला बरेच दिवस. सकाळी लवकर जाऊन ओळीत बसायचं. माझी शीर सापडायची नाही, हात सुजलेला. सुई घेऊन लॅबमधली मुलगी माझ्याकडं बघायची आणि मी भिंतीकडं.

पहिल्या रिपोर्टात टीएसएच नावापुढचा आकडा शंभराच्या वर. गोळी सुरू झाली. पुढच्या रिपोर्टात तो बराच खाली आला. मी तो कागद बघितला आणि दवाखान्याच्या पायरीवरच बसकण मारली. लोहाच्या गोळ्यांच्या वेळी रक्ताचा आकडा कमी आला की गल्लीतले डॉक्टर ओरडायचे. मला वाटलं हेही तसंच, आकडा पडला म्हणजे मी चालले.

डॉक्टर हसले. “ताई, रडता कशाला? हा आकडा उतरायलाच हवा.” मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही बायकांना सांगते. म्हणाले, “गळ्यातली ग्रंथी म्हणजे सून समजा. डोक्यातून तिला काम सांगणारी सासू. सून काम करेना की सासूचा आवाज चढतो. टीएसएच म्हणजे सासूचा आवाज. तो चढला की समजायचं सून बसून आहे. टी-फोर म्हणजे सुनेनं किती काम केलं ते.”

आक्का लगेच म्हणाल्या, “म्हंजी सासू कवाबी वराडतीया ते खोटं न्हाई म्हणायचं.”

“खोटं नाही आजी. पण सासू फारच गप्प झाली तरी धोका. मग गोळी जास्त होतेय.”

मध्येच एकदा साताऱ्याला दिरांकडं गेले होते, तर तिथल्या लॅबमध्ये चांगलं करतात म्हणून त्यांनी तिथं तपासून घेतलं. त्या कागदावर टी-फोरचा आकडा भलताच दिसला, आमच्या रिपोर्टाशी कुठंच मेळ खाईना. परतीच्या एस.टी.त कराड येईपर्यंत मी मनात रेखाला कुणाकडं ठेवायचं ते ठरवत होते. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मापच वेगळं होतं. “पेठेत हळद दोन तराजूंवर घालता का? एकाच लॅबमध्ये करत जा.” एवढ्यावर माझी ती भीती संपली. एवढीच संपली.

कारण पुढं आकडा खाली यायचाच थांबला. गोळी वाढवली तरी तो तिथंच घुटमळायचा. अंग तसंच. मी रोज गोळी घेत होते, एक दिवस चुकवत नव्हते. डॉक्टर दर वेळी विचारायचे, “रिकाम्या पोटी घेता ना?” मी म्हणायचे, “व्हय साहेब.”

आक्कांचा चातुर्मास

माझा सोमवारचा उपास असायचा. सकाळी चहा, मग केळं, दुपारी साबुदाण्याची खिचडी. आक्का हसायच्या. “ह्यो उपास हाय का जेवान गं? आमच्यात उपास म्हंजी उपास. लय झालं तर उकळल्यालं पाणी.”

मी म्हणायचे, “आवं आक्का, चहानं कुठं उपास मोडतोय?”

“तुमच्यात न्हाई मोडत. तुमचा देव लय समजूतदार.”

त्या वर्षी चातुर्मासात आक्कांनी दूध सोडलं. त्यांच्यात असा नेम घेतात, एखादा रस, म्हणजे दूध, तूप, मीठ असलं काही, त्यागायचा. त्यांचा चहा बंद झाला. रोज सकाळी मी त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा प्यायचे, ह्यांची पहिली पाळी असल्यानं खोलीत मी नि झोपलेली रेखा एवढ्याच असायचो. आता त्या नुसत्या बसणार आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच म्हशीच्या दुधाचा चहा मी भुरकणार? माझ्यानं झालं नाही. मीही सोडला. सकाळी त्यांच्या हंड्यातलं गाळून उकळलेलं पाणी प्यायचं, कामाला लागायचं. लोहाच्या गोळीनं नुसत्या पाण्यावर मळमळायचं, म्हणून ती मी दुपारी भाकरीबरोबर घ्यायला लागले.

दिवाळीआधीच्या तपासणीत आकडा जवळजवळ बरोबर आला. अंगठी फिरायला लागली. रेखाला गोष्ट सांगताना माझा आवाज माझा वाटायला लागला. आमचे हे म्हणाले, “बरी झालीस का? मग आता भांडूया निवांत.” फार दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

दिवाळीला आक्कांचा नेम संपला. त्यांनी वेलदोडा घालून घट्ट दुधाचा चहा केला, बशीत ओतून माझ्या हातात दिला. “घे. माझ्यापायी लय सोसलंस.” मी तो प्यायले. काय गोड लागला होता तो. पुढं रोज सकाळी तसाच प्यायले.

ऊठ की

पौषात मी पुन्हा घसरले. या वेळी जास्त भीती वाटली, कारण आता बरं कसं वाटतं ते ठाऊक झालं होतं. गोळी चालू असून असं होतंय म्हणजे गोळीचाही उपयोग नाही, हे मी मनाशी धरलं. आईला गोळी मिळाली असती तरी ती गेलीच असती, असंही मनात आलं. त्यात कुठंतरी बरंही वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

एका दुपारी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. पुढचं मला नीट आठवत नाही. सूप मांडीवर होतं, ऊन पायावर होतं. कुठूनतरी लांबून, विहिरीच्या तळातून यावी तशी हाक येत होती. मला ऐकू येत होतं, पण ओ देता येत नव्हतं. कुणीतरी माझा कान ओढत होतं.

“आये, ऊठ की. आये, ऊठ की.”

रेखा होती. मी आईला म्हणाले होते तेच, त्याच चालीत.

आक्कांनी तोंडावर पाणी मारलं, गालात चापट मारली, तेव्हा मी डोळे उघडले. आक्का रडत होत्या आणि शिव्याही देत होत्या, “मरायचं हाय का तुला? माझ्या उंबऱ्यात?” मी त्यांचे हात धरले. म्हटलं, “आक्का, मी आईच्या वाटेनं चालले. पोरीला बघा.”

“गप. रिक्षा आणतो.”

डॉक्टरांचं पेन

डॉक्टरांनी तपासलं, लगेच दाखल करून घेतलं. चार दिवस राहिले. शेजारच्या कॉटवरची बाई रोज मला विचारायची, “तुमचं आप्रेशन कवा?” तिला वाटायचं गळ्याचं कापणार. मला झोपायची भीती वाटायची. डोळे मिटले की आपण उठणार नाही असं वाटायचं. आक्का उशाशी बसून माळ ओढायच्या आणि माझा डोळा लागला की नाकापुढं बोट धरून बघायच्या. मला ते कळायचं. त्यामुळंच मला झोप लागायची.

घाई करून मागवलेला रिपोर्ट चौथ्या दिवशी पुण्याहून आला. सासूचा आवाज पुन्हा चढलेला. डॉक्टरांनी दिवाळीआधीचा नि आताचा, दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“गोळी चुकली का?”

“देवाशप्पथ न्हाई.”

“रिकाम्या पोटीच ना?”

“व्हय.”

ते गोळी वाढवायला पेन टेकवणार, तेवढ्यात थांबले. “दिवाळीआधी आकडा छान होता. तेव्हा काय वेगळं करत होता?”

मी आठवून आठवून म्हटलं, “कायच न्हाई साहेब.”

आक्का म्हणाल्या, “माझा नेम व्हता तवा. दुधाचा.”

“आजी, नेम तुमचा. यांचा काय संबंध?”

“हिनंबी सोडला व्हता की चहा. माझ्या भिडंनं.” एवढं बोलून आक्का थांबल्या. माझ्याकडं वळल्या. “सुमे, गोळी कवा घेतीस तू? चहाच्या आधी का नंतर?”

“चहाबरूबरच. लोहाची नि ती, दिवाळीपास्नं परत दोन्ही एकदम. बशीतला घोट घेतला की आत.”

“आणि त्येला रिकामं पोट म्हणतीस?”

मला खरोखर कळेना त्या काय विचारतायत. “आवं, चहानं कुठं पोट भरतं? उपासाला चालतोय की.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ओरडले नाहीत. कपाळावर हात मारला, तो माझ्या नाही, स्वतःच्या. म्हणाले, “मी दर वेळी विचारलं आणि तुम्ही दर वेळी खरंच सांगितलंत. चहा घेता का, हे मी विचारायला हवं होतं.” मग समजावलं. ही गोळी फार नाजूक. दूध, चहा, लोहाची गोळी सोबत गेली की ती अंगात नीट शिरतच नाही, तशीच वाहून जाते. उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, मग निदान अर्धा-पाऊण तास काही नाही. लोहाची दुपारी. “डोस वाढवत नाही. आधी ही गोळी तुमच्या अंगात जाऊ दे.”

घरी सोडल्यावर खाली आलो, तर आक्का रसाच्या गाड्याजवळच्या त्याच बाकड्यावर बसल्या. या वेळी त्यांना उठवेना. “माझ्याच हातानं पाजत व्हतो की गं तुला.”

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार? ज्या बाईनं मला उठवलं तिला मी काय समजावणार?

आता

त्यानंतर आकडा उतरला आणि उतरलेलाच राहिला. पण माझ्यासारख्या बायकांना एक सांगते, कागद आधी सुधारतो आणि अंग मागून. आकडा बरोबर आल्यावरही कितीतरी महिने माझे गुडघे दुखायचे, केस गळायचे, दुपारी डोळे जड व्हायचे, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आलं परत. डॉक्टर म्हणाले, सगळंच थायरॉईडच्या माथी मारू नका. खरंच, निम्मा थकवा रक्त कमी असल्याचा होता, तो लोहानं गेला. थोडी थंडी मात्र राहिलीच आहे. पहाटे मी अजून शाल घेते.

भीतीही आहे. रिपोर्टाचं पाकीट मी एकटी उघडत नाही. रेखा आता शाळेत जाते, चौथीत. वेणी घालताना माझे डोळे तिच्या मानेकडं जातात. तिला सकाळी हाक मारली आणि ती पटकन उठली नाही, तर मी तवा तसाच ठेवून तिच्या उशाशी जाते. आमचे हे म्हणतात, “अगं पोरं आळशी असत्यातच.” असतील. मी तरी दुसरी हाक जोरात मारते.

आक्का आता थकल्यात. गुडघे गेलेत, परड्यातली म्हैस विकली. दर चातुर्मासात काहीतरी सोडतात, आणि मला दम देतात, “तू कायबी सोडायचं न्हाई. फकस्त गोळीनंतर घे.” सकाळी त्याच हंड्यातलं पाणी भांड्यात काढून माझ्या दारात ठेवतात. गोळी घेऊन मी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, की तिथून पाऊण तास मोजूनच चहाचं आधण चढवतात.

त्यांची एकच इच्छा राहिलीय, कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर एकदा आपल्या पायानं चढायची. डोलीत बसायचं नाही म्हणतात. “आता या गुडघ्यांनी कवा व्हायचं ते?” असं म्हणून हसतात आणि विषय सोडतात.

आक्का, तुम्हाला लिहिता-वाचता कमी येतं, हे मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे, म्हणून इथंच सांगते. तो डोंगर मी तुम्हाला चढवणार. आज ना उद्या, पण चढवणार. दर दोन पायऱ्यांवर बसू. मी तुमच्याशेजारी बसेन आणि वर जाणाऱ्या-येणाऱ्यांना सांगेन, जावा तुमी, आमाला घाई न्हाई.